तुळसाचे तळवे

किंजळकोंडात कुणी चूल विझली की नाही हे बघायला दुसऱ्यांदा उठलं, की घरातलं कुणीतरी हटकून म्हणायचं, "झालं, तुळसा संचारली!" देवरूखपासून दोन कोस आत, डोंगराला पाठ लावून बसलेली ही पंचवीस-तीस घरांची वाडी. इथे कुणाचं नाव कशाला चिकटेल त्याचा नेम नाही. एकाचं म्हशीला चिकटलं होतं, एकाचं खोकल्याला. तुळसाचं भीतीला चिकटलं. बरं, भीती तरी चारचौघींसारखी असावी! अंगणातून साप गेला तर ही बाई बाजूला होऊन त्याला वाट देई. भुताखेतांच्या गोष्टी ऐकता ऐकता तिला झोप लागे. ती घाबरायची ती फक्त विस्तवाला.

रांधून झालं की ती चुलीवर तीनदा पाणी मारायची. कुणी निखारा मागायला आली, तर तो करवंटीत घालून वर दुसरी करवंटी झाकायची आणि त्या बाईच्या मागोमाग तिच्या चुलीपर्यंत चालत जायची. शिमग्यात होळी पेटली की सगळी वाडी होळीकडे तोंड करून उभी, आणि ही होळीकडे पाठ करून रानाकडे बघत. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणारच त्या, कारण खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आणखी एक खोड होती. माघ लागला की ती पायात काही घालायची नाही. तिचा नवरा काशीराम मुंबईत भायखळ्याला एका छापखान्यात होता. शिमग्याला यायचा तेव्हा न चुकता तिच्यासाठी चपला आणायचा, आणि ती न चुकता त्या खुंटीला अडकवायची. शहाऐंशी सालच्या शिमग्याला खुंटीवर पाचवा जोड चढला. काशीराम म्हणाला, "अगो, दुकान काढतेस काय?" ती हसली. सातबाऱ्यावर काशीरामचं नाव होतं, पण वर्षातले अकरा महिने तो मुंबईत, त्यामुळे डोंगरातलं चार एकर रान तिच्याच जिवावर होतं. त्या रानात ती अनवाणी फिरायची. तळव्यांना काटे बोचायचे, खडीचे कोपरे लागायचे. ती थांबायची, एका जागी पाय दाबून धरायची, मग पुढे जायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईचं काहीतरी हरवलं आहे.

तिचं रान आणि शेजारची चार रानं मिळून पाच मालक होते. त्यांची एक रीत होती, तिला ते रानफेरी म्हणायचे. अमावास्येला तिकडे नांगर धरत नाहीत, झाडावर कोयती चालवत नाहीत. हत्यार घेऊन रानात जायचंच नाही म्हटल्यावर दिवस रिकामा. तो दिवस आप्पांनी पकडला. आप्पा पोफळीच्या वीजघरात वीस वर्षं फिटर होते, निवृत्त होऊन घरी आलेले. तिथल्या त्यांच्या फोरमनची एक सवय होती. कुणाच्या हातून काही बिघडलं, तर तो त्या माणसाला रागवायचा नाही, सगळ्यांना त्या जागेवर नेऊन त्याच्याच तोंडून चूक सांगायला लावायचा. आप्पा म्हणाले, आपण रानात हेच करू. दर अमावास्येला एकाच्या रानात जायचं. मालकाने आधी आपली चूक दाखवायची, मग झाडं.

आधी सगळ्यांना हे अवघड गेलं. आपलं वाकडं दुसऱ्याला दाखवायला कोण तयार होतो! पण हळूहळू गोडी लागली. तोडलेल्या झाडाचं खोड उंच ठेवलं की फुटवा वाऱ्याने मोडतो, जमिनीलगत आणि तिरकं तोडलं की पाणी साचत नाही आणि फुटवा जोमाने येतो, हे त्यांना कळलं ते केरूच्या रानातल्या वीस मोडक्या फुटव्यांवरून. शिवणीचं बी गुरांनी खाऊन टाकलेलं असलं की हमखास रुजतं, हे सुलेमानचाचांनी सांगितलं. सुलेमानचाचा खाडीकाठचे, अर्धं आयुष्य मचव्यांवर गेलेलं. होड्यांच्या लाकडासाठी त्यांच्या वडिलांनी इथे रान घेऊन ठेवलं होतं. आप्पा हे सगळं एका वहीत लिहायचे. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: कळलं ते.

आता या वहीच्या पहिल्या पानाची गोष्ट सांगायला हवी, कारण तुळसाची सगळी भीती त्या पानात होती.

रानफेरी सुरू झाली ती एका वणव्यामुळे. एक्याऐंशीच्या चैत्रात आप्पांचं रान जळलं. नोकरीवर असताना रजा काढून काढून त्यांनी वाढवलेला ऐन, किंजळ, शिवण, सगळं एका दुपारी गेलं. त्या सकाळी केरू गुरं घेऊन तिकडून गेला होता आणि त्याने बिडी ओढली होती. कुणी विचारायच्या आत तो स्वतःच म्हणाला, "माझंच थोटूक आसंल." आग दिसताच तो चप्पल तशीच टाकून धावला आणि निखाऱ्यांवरून फिरत डहाळीने आग झोडपत राहिला. दोन्ही तळवे सोलून निघाले. देवरूखच्या दवाखान्यात महिनाभर पडून होता. उठला तो फेंगडा चालतच उठला. पहिल्या रानफेरीला आप्पांच्या काळ्या पडलेल्या रानात उभा राहून त्याने सगळ्यांसमोर चूक सांगितली, आणि त्या दिवसापासून बिडी सोडली. आप्पांनी पहिल्या पानावर लिहिलं: माघापासून पावसापर्यंत आगपेटी रानाच्या आत न्यायची नाही. मग प्रत्येकाच्या रानाच्या बेड्यापाशी, म्हणजे बांबूच्या फाटकापाशी, एक करवंटी टांगली गेली. आत जाणाऱ्याने आगपेटी तीत ठेवायची.

नियम चांगला होता. पण रान केरूच्या बिडीने जळलंच नव्हतं. ते तुळसाने जाळलं होतं.

आप्पांच्या रानाला तुळसाचं रान लागून होतं, मध्ये दगडांचा गडगा. त्या वर्षी तिने गडग्याच्या अलीकडे दाढ भाजायला घेतली. दाढ म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा. शेण, त्यावर कवळ म्हणजे झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत आणि वर मातीचा थर असं रचून ती सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात पेटवतात. तुळसाच्या जागेत ऐनाचं एक मेलेलं खोड होतं. काशीरामने कागद पाठवून कळवलं होतं, वैशाखात येतो, खणून काढतो. तुळसाला वाटलं, नवऱ्याचे कष्ट वाचवावेत. तिने खोडावरच जास्तीचं शेण आणि कवळ रचली आणि दाढ पेटवली. दुपारपर्यंत सगळं विझलं. खोड राख झालं. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती पातेरा गोळा करायला गेली, तेव्हा गडग्याच्या पलीकडे, आप्पांच्या हद्दीत, जमिनीतून धूर येताना तिला दिसला. एवढासाच होता. आगीने मेलेल्या खोडाचं मूळ धरलं होतं, आणि जमिनीच्या पोटातून, गडग्याच्या खालून ती दोन दिवस चालत गेली होती. तुळसाला ते तेव्हाच्या तेव्हा कळलं, कारण धूर आणि आपलं खोड एका रेषेत आहेत हे तिला दिसत होतं. एक कळशी पाणी पुरलं असतं. ओरडली असती तरी पुरलं असतं, केरू हाकेच्या अंतरावर होता. पण ती अशी घाबरली की पातेऱ्याची पाटी तिथेच टाकून घरी पळाली. दार लावलं आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली. आपण पाहिलंच नाही, असं स्वतःला सांगत बसली. वारा वाढला, बाहेर आरडाओरडा झाला, मग तीही सगळ्यांबरोबर डहाळी घेऊन धावली. केरूने आपलं नाव पुढे केलं तेव्हा ती चार हातांवर उभी होती. तिने विझलेल्या राखेवर डहाळी आणखी दोनदा आपटली.

त्यानंतर प्रत्येक दिवशी ते सांगणं जास्त जड होत गेलं. खोडाच्या खड्ड्यावर तिने दगड रचले. रानफेरीत तिची पाळी आली की ती एखादी लहान चूक शोधून काढायची. यंदा किंजळाचा शेंडाच छाटला, गेल्या वर्षी खैराची रोपं गुरांना मोकळी ठेवली. सगळे तिचं कौतुक करायचे, बाई किती मोकळेपणाने सांगते! केरू, नात्याने तिचा लांबचा दीर, म्हणायचा, "वयनी, तुजी चूक म्हंजे मुंगीयेवढी. माजी बग, डोंगराएवढी." ते ऐकून ती घाबरून जायची. रात्री नाही, दिवसाढवळ्या, माणसांत उभी असताना. कुणीतरी दगड हलवील, कुणीतरी खड्डा बघेल, कुणीतरी विचारील. ती एकाच वेळी दोन गोष्टींना घाबरायची. आग पुन्हा तशी चालत येईल याला, आणि ती कशी चालते हे आपल्याला माहीत आहे असं कुणाला कळेल याला.

शहाऐंशीच्या फाल्गुनी अमावास्येला रानफेरी महिपतकडे होती.

महिपत तिशीतला, मुंबईच्या गोदीतलं काम सोडून आलेला. वडील गेल्यावर रान त्याच्याकडे आलं होतं. या रानाची गंमत अशी की ते वाडीच्या अगदी डोक्यावर. साग आणि ऐन दाट, खाली गुडघाभर पातेरा, आणि रान संपलं की लगेच गवताच्या उडव्या, गोठे, घरं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो या रानातून सरळ वाडीत उतरायचा.

सकाळचे दहा वाजले असतील. पाचही जण बेड्यापाशी जमले. आप्पांच्या हातात वही, सुलेमानचाचांनी आगपेटी करवंटीत ठेवली, केरूकडे ठेवायला काही नव्हतं. कुणाच्या हातात कोयती, कुदळ, काही नाही. अमावास्या ना!

महिपतने रीतीप्रमाणे आधी चूक दाखवली. "गेल्या साली दाढ खाली केली. पानी साचलं, रोपं कुजली. म्हणून औंदा वर आनली, रानाच्या कडेला. परवा सकाळीच भाजली."

दाढ सुरेख भाजली होती. मऊ काळी राख, कडा नीट झाडलेल्या. मध्ये एक वाटोळा खळगा होता.

"इथं खोड व्हतं ना रे?" सुलेमानचाचांनी विचारलं. "किंजळाचं. मेलेलं."

महिपत खूश झाला. "त्येच तर दाखवायचं हाय तुमाला! खणायचं म्हंजे दोन दिस गेले आसते. मी त्येच्यावरच शेण नि कवळ रचली. बगा, खोड साफ. कुदळ लावावी लागली नाय."

"डोकं हाय हां तुला," केरू म्हणाला.

आप्पांनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहायला घेतलं. दाढीतलं मेलेलं खोड न खणता जाळावं, मेहनत वाचते. पुढच्या वर्षी पाचही रानांत हेच होणार होतं. आप्पांची वही देवरूखच्या बाजारात भेटणाऱ्या दहाजणांना दाखवली जायची. ते दहाजण आपापल्या वाडीत जाऊन सांगायचे.

तुळसाच्या कानात 'परवा' हा एकच शब्द राहिला. तिचाही तिसराच दिवस होता. माणसं खळग्याभोवती उभी राहून बोलत होती, आणि ती एकटी बाजूला झाली. खळग्यापासून तिने बघितलं, मूळ कुठे जाईल. उताराकडे दगड होते, तिकडे नाही. वर गडगा. ती गडगा ओलांडून रानात शिरली. पातेरा पायाने बाजूला सारला आणि तळवा जमिनीवर ठेवला.

गार. दुसरं पाऊल, गार. तिसऱ्या पावलाला ती थबकली. पाय उचलून पुन्हा ठेवला. इथे दाट सावली होती, ऊन पोचायला जागा नव्हती, आणि जमीन उबदार होती, नुकतीच म्हैस उठून गेलेल्या जागेसारखी. ती एक हात डावीकडे सरकली, गार. पुन्हा उजवीकडे, ऊब. पुढचं पाऊल टाकलं तर जास्त ऊब. लाल मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून रांगेने बाहेर पडत होत्या.

तिला पळावंसं वाटलं. खोटं कशाला सांगा, पाच वर्षांपूर्वी वाटलं होतं तितकंच वाटलं. पाय वाडीकडे वळलेसुद्धा. मग तिला आपल्या घराचं लावलेलं दार आठवलं आणि ते पातेलं, आणि ती गडग्यावर हात टेकून ओरडली, "हितं खणा! आग हाय खाली!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. महिपत हसला. "काकी, दर साली तुमचं ह्येच." खोटं नव्हतं ते. गेल्या वर्षी तिने सुलेमानचाचांच्या रानात दोन ठिकाणी खणायला लावलं होतं, काही निघालं नव्हतं. त्याआधी एकदा धुक्याला धूर समजून तिने वाडी गोळा केली होती.

"तुळसा," आप्पा समजुतीने म्हणाले, "चैत्र तोंडावर आला. जमीन तापनारच."

"सावलीत तापत नाय, आप्पा."

"आणि खणायचं कशानं? आज अमावास्या. उद्या बगू."

वर सागाची मोठी पानं एकमेकांवर आपटायला लागली. वारा आजच लवकर निघाला होता. तुळसाने वाडीकडे पाहिलं. कुणीतरी उडवीला शिडी लावून गवत काढत होतं. मग तिची नजर खाली आली ती केरूच्या पायांवर. त्याच्या चपलांचे अंगठे नेहमीसारखेच बाहेर वळलेले. आपलं कुणी ऐकणार नाही, हे तिला कळलं. तिच्या भीतीवर कुणाचा विश्वास नव्हता, आणि तो का ठेवावा हे सांगायचं तर एकच गोष्ट सांगता येत होती.

"आप्पा, तुमचं रान केरूभावजींच्या बिडीनं जळलं नाय," ती म्हणाली. सुलेमानचाचा ऐकायला पुढे झाले. "मी जाळलं. माज्या दाढीच्या जागेत आसंच खोड व्हतं. आसंच मी जाळलं. तिसऱ्या दिशी मुळामुळानं आग गडग्याखालनं तुमच्यात आली. मी बगितली. धूर निघताना बगितला नि घरी पळाली. आता ह्यो तिसरा दिस हाय. माजं खोटं आसंल तर माला वाडीतनं काढा, पन आधी खणा."

महिपतचं तोंड उघडं. आप्पांची पेन्सिल वहीवर टेकलेली. तुळसाला वाटलं, आता जमीन दुभंगली तरी चालेल.

पहिला हलला तो केरू. तिच्याकडे न बघता गडगा ओलांडून आला, "कुठं?" एवढंच विचारलं, आणि तिने पाय ठेवलेल्या जागी गुडघे टेकून दोन्ही हातांनी माती उकरायला लागला. कुदळ नाही, पहार नाही. नखांत खडी जात होती. वीतभर खोल गेल्यावर त्याने "हाय्!" करून हात मागे घेतला. खाली मनगटाएवढं मूळ होतं, आणि ते आतून लाल होतं. हवा लागताच ते फुलून आलं. बाजूचा पातेरा तडतडला आणि त्यातून हातभर जाळ उठला.

पुढचा तास तुळसाला नंतर कधीच सलग आठवला नाही. महिपत कुदळ आणि पाणी आणायला वाडीकडे सुसाट गेला. सुलेमानचाचांनी जांभळीची ओली फांदी हाताने मोडली आणि जाळावर झोडपायला सुरुवात केली. आप्पा, सत्तरीला टेकलेले, सदरा काढून माती भरून भरून टाकत होते. केरू उकरतच होता. तुळसा दोन्ही हातांनी कवेत पातेरा घेऊन मागे फेकत राहिली, जाळाच्या पुढची जमीन उघडी करत राहिली. ती रडतही होती, मोठ्याने, लहान पोरासारखी, पण पळाली नाही. मग बायका कळश्या घेऊन आल्या, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, डबक्यापासून गडग्यापर्यंत रांग लागली, कुदळी आल्या. मुळाच्या मागावर खणत गेले तेव्हा ते अकरा हात लांब निघालं. शेवटच्या टोकावर पाणी पडून वाफ उठली, आणि मगच दुपारचा खरा वारा रानात शिरला. राख उडाली. बाकी काही नाही.

बायकांना वाटलं, तुळसाने वाडी वाचवली. त्या तिला पाणी पाजायला लागल्या. तिने तांब्या तसाच परत दिला.

केरूने पऱ्यावर हात धुतले. बोटांना फोड आले होते. तो फेंगड्या चालीने घरी गेला. आप्पा दगडावर बसून होते. त्यांनी विचारलं, "तू बगितलास तेवा धूर केवढा व्हता?"

तुळसाने दोन्ही हात जोडून ओंजळ करून दाखवली.

"ओंजळभर," आप्पा म्हणाले. ते उठले, वही तिथेच विसरून गेले. महिपतने ती मागून नेऊन दिली.

पुढची रानफेरी चैत्री अमावास्येला, आणि पाळी तुळसाची. तो महिना तिने कसा काढला तो तिलाच ठाऊक. वाडीत गोष्ट पसरायला अर्धा दिवस पुरला. केरूची बायको सखू समोरून आली की रस्ता सोडून बांधावरून जाई. निखारा मागायला कुणी येईना. थट्टाही थांबली, आणि तुळसाला कळलं की थट्टा होती तोवर आपण वाडीतल्या होतो. काशीरामला तिने महिपतकडून कागद लिहून सगळं कळवलं. उत्तरात त्याने लिहिलं, खोड मी काढायचं होतं. तेवढंच होतं, पण तिने तो कागद चोळीत ठेवला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तिने खड्ड्यावरचे दगड एकेक करून काढले. सकाळी आपल्या बेड्यापाशी जाऊन उभी राहिली. कुणी येईल असं तिला वाटत नव्हतं. आलं तर काय बोलतील, याचीही भीती होती. तिने बेड्याचा बांबू धरून ठेवला.

सुलेमानचाचा आले. सर्वांत लांबून येणारा माणूस सर्वांत आधी. मग महिपत. मग आप्पा, वही बगलेत. त्यांनी तिला हाक मारली नाही, पण आले. चौघं उभे राहिले. कुणी आत चला म्हणेना, सगळे वाटेकडे बघत होते.

केरू आला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बेड्यापाशी थांबून त्याने खिशातून आगपेटी काढली, बिड्यांचा कट्टा काढला आणि दोन्ही करवंटीत ठेवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. मग तुळसाकडे बघून म्हणाला, "वयनी, रीत काय हाय? आधी चूक."

तिने दाखवली. खड्डा दाखवला, खोड कुठे होतं ते, शेण किती रचलं ते, मूळ कुठून गेलं ते. गडगा ओलांडून धूर निघाला ती जागा दाखवली. पळाली ती वाट दाखवली. आप्पा लिहीत होते. पहिलं पान त्यांनी फाडलं नव्हतं, त्याच्यावर एक तिरकी रेघ मारली होती, आणि आगपेटीचा नियम खाली पुन्हा लिहिला होता. नियम चांगला होता, तो कशाला घालवायचा!

"ऊब कळते कशी, ते दाखवा काकी," महिपत म्हणाला.

सगळ्यांनी चपला काढल्या. तुळसाने उन्हातली जमीन दाखवली, सावलीतली दाखवली. पूर्ण तळवा टेकायचा, टाच आधी नाही, तीन श्वास थांबायचं. सुलेमानचाचा डोळे मिटून उभे राहिले. "फरक लागतो हां," ते म्हणाले. महिपतलाही लागला. आप्पांनाही.

केरू एका जागी पाय ठेवत होता, उचलत होता, दुसरीकडे ठेवत होता. त्याचे तळवे गुळगुळीत होते, पांढरट, रेषा नसलेले. बराच वेळ त्याने करून पाहिलं. मग त्याच्या बोलण्यात ना राग होता ना टोमणा, पाऊस कधी येईल हे सांगावं तसं तो म्हणाला, "माज्या पायाना कळत नाय गो वयनी. त्या दिसापासनं गरम नाय, गार नाय."

पाच वर्षं तुळसा ज्याला घाबरली होती ते हेच असावं. आग नव्हे, वाडीने हाकलणं नव्हे. तिला शरम वाटली, इतकी की वर बघवेना. ती त्या पांढऱ्या तळव्यांकडे बघत राहिली. माफी मागायचे शब्द तिने महिनाभर जुळवून ठेवले होते, त्यातला एकही तिला आता पुरेसा वाटेना.

"तुमची दाढ भाजलीत की मी येईन," ती शेवटी म्हणाली. "दर साली. तीन दिस तुमच्या रानात चालीन."

केरूने चप्पल हातात घेतली होती. ती त्याने खाली ठेवली, वाकला, फोडांचे डाग असलेला हात पसरून तिने दाखवलेल्या जागी जमिनीवर टेकवला आणि तीन श्वास तसाच थांबला.

"तीन नको," तो म्हणाला. "चार दिस ये."